तारेवरचे ओले कपडे

मैत्रिणींनो, एक साधाच प्रश्न विचारते. तुमच्या घराचा मेन स्विच कुठं आहे?

जिऱ्याचा डबा कुठं, धाकट्याचा जन्मदाखला कपाटाच्या कुठल्या कप्प्यात, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. पण मेन स्विच? आमच्या गल्लीत मी चौदा घरी हा प्रश्न विचारला. 'दारामागं असावा', 'जिन्याखाली मालकांनी कुलपात ठेवलाय वाटतं', 'ह्यांना माहीत आहे', अशी उत्तरं मिळाली. चौदांपैकी नऊ जणींना तो दाखवता आला नाही. आणि दिवसभर विजेला हात कोणाचा लागतो? सकाळी गीझर, मग मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री, धुण्याचं मशीन. तेही बहुतेक वेळा ओल्या हातानं आणि अनवाणी. घरातली वीज हे 'ह्यांचं' खातं असं आपण कधी ठरवून टाकलं कोण जाणे, पण शॉक बसायचा तो आपल्यालाच बसतो.

हा प्रश्न विचारायला एक कारण घडलं. आमच्या मिरजेत ब्राह्मणपुरीकडं अजून काही जुने वाडे आहेत. मधे चौक, चारी बाजूंनी बिऱ्हाडं आणि चौकाच्या पलीकडं न्हाणीघर. पूर्वी तिथं बंब पेटायचा, कंदील टांगलेला असायचा. मग वीज आली. घरातून न्हाणीघरापर्यंत दिव्याची वायर न्यायची, तर ती मधेच लोंबू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेलाच गुंडाळत नेली. सोयीचं काम! तुमच्याही माहितीत असं एखादं घर नक्की असेल. ऊन-पावसानं त्या वायरीचं आवरण तडकलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन वर्षांपूर्वी आषाढात एका वाड्यातल्या काकूंनी धुतलेलं लुगडं तारेवर टाकलं आणि हात तारेला चिकटला.

'चिकटला' असं आपण म्हणतो ते खरंच आहे. आपल्या घरातल्या विजेनं हाताचे स्नायू आवळले जातात. मूठ मिटते आणि माणसाला इच्छा असूनही सोडता येत नाही. काकूंची सून ओरडत धावली. तिनं हात लावला असता तर त्या दिवशी वाड्यातून दोघी गेल्या असत्या. वर्तमानपत्रात आपण दर पावसाळ्यात वाचतो ना, 'सासूला वाचवायला गेलेल्या सुनेचाही मृत्यू', ते असंच घडतं. माडीवर राहणारा कॉलेजचा मुलगा 'हात लावू नका!' म्हणून किंचाळला आणि जिन्याखाली जाऊन त्यानं मेन स्विच खाली ओढला. काकू कोसळल्या, पण जगल्या. तळहातावर भाजल्याची खूण आहे, एवढंच. त्या मुलाला मेन स्विच ठाऊक होता, कारण तो तिथंच सायकल लावायचा!

आता अशा वेळी काय करायचं, ते नीट वाचा आणि घरात सगळ्यांना सांगा, मुलांनाही. पहिलं काम माणसाला धरणं नव्हे, मेन स्विच बंद करणं. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा. हे फार जणींना माहीत नसतं. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर आपल्या बॅटरीवर घरात वीज सोडतच राहतो. त्यासाठीच तर आपण तो घेतलेला असतो. स्विच सापडत नसेल, किंवा खांबावरून घराकडं येणारी वायरच पत्र्याला, तारेला लागली असेल, तर घरातला मेन बंद करून उपयोग नाही. तिथं कोरड्या पाटावर किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं राहून, कोरड्या लाकडी काठीनं माणसाला तारेपासून ढकलून वेगळं करायचं आणि महावितरणला १९१२ वर फोन करायचा. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेच्या मात्र जवळच जायचं नाही. काठी घेऊनही नाही. लांबूनच सगळ्यांना अडवायचं आणि फोन करायचा.

माणूस सुटल्यावर हाक मारून बघा. हाकेला ओ नाही, श्वास चालत नाही असं दिसलं तर एकीनं १०८ वर फोन करायचा. दुसरीनं छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपरं ताठ ठेवून दाबायला लागायचं. साधारण दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. आमची मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय काढलं, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कर्नाटकातून लोक इथं औषधपाण्याला येतात. पण हृदय थांबलं तर पहिली चार-पाच मिनिटं महत्त्वाची असतात, आणि तेवढ्या वेळात डॉक्टर नव्हे, शेजारीणच पोचते. शॉक बसलेलं माणूस उठून 'काही नाही झालं, चहा टाक' म्हणालं तरी दवाखान्यात न्यायचंच. ठोके मागाहूनही बिघडू शकतात. काकूंना एक रात्र तिथं ठेवून घेतलं होतं.

त्यानंतर आम्ही गल्लीतल्या बायकांनी एका परवानाधारक वायरमनला बोलावलं आणि प्रश्न विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता. 'आमच्याकडं फ्यूज काढून ते खटके बसवलेत, आपोआप पडतात. मग आम्हाला काय भीती?'

हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्या खटक्याला एमसीबी म्हणतात. वायरीत वीज प्रमाणाबाहेर वाहिली की तो पडतो. तो वायर जळू देत नाही, घराला आग लागू देत नाही. पण तो माणसाला वाचवत नाही. दिव्याच्या लाइनीवरचा खटका सहा अँपिअरच्या वर गेल्यावर पडायचा. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी वीज पुरते. म्हणजे आपण तारेला चिकटलेल्या असताना त्या खटक्याच्या दृष्टीनं सारं आलबेल असतं! माणसाला वाचवणारा खटका निराळा. त्याला आरसीसीबी म्हणतात, दुकानात जुन्या सवयीनं ईएलसीबी म्हणूनही मिळतो. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशोब तो सारखा मांडत असतो, आपण दूधवाल्याचा मांडतो तसा. त्या हिशोबात ३० मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे सहा अँपिअरचा दोनशेवा भाग, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पडतो. ती तूट म्हणजे कुठंतरी वीज जमिनीत चालली आहे, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. काकूंच्या घरी तो असता तर त्यांना एक झटका बसून हात सुटला असता.

घेताना त्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. शंभरचा किंवा तीनशेचाही मिळतो, तो आगीसाठी असतो, माणसासाठी नव्हे. वायरमनच्या मजुरीसकट दोन-तीन हजारांच्या घरात खर्च येतो. एका पैठणीच्या मानानं काहीच नाही, पण पैठणी दिसते आणि हा दिसत नाही. घरात हा विषय काढला की 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं' हे पहिलं वाक्य. दुसरं, 'इतकी वर्षं काही झालं नाही'. वाड्याच्या मालकांचंही तेच म्हणणं होतं. पन्नास वर्षं हीच वायरिंग आहे म्हणाले, जणू ती जमेची बाजू! भाडं जुनं, त्यात खर्च कशाला करा, हा त्यांचा विचार एका परीनं मला समजतो. पण त्याच तारेवर त्यांच्या घरचेही कपडे वाळत होते. मालकीणबाईंनी दोन दिवस धुणं दोरीशिवाय घमेल्यातच ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी चौकातली वायर निघाली!

पैशांचा प्रश्न भिशीनं सोडवला. आमच्या भागात भिशी नाही अशी गल्ली सापडायची नाही. चौदा जणी, दरमहा तीनशे रुपये, म्हणजे बेचाळीसशे जमतात. ज्या घरची चिठ्ठी निघेल त्या घरी त्या महिन्यात आरसीसीबी बसवायचा आणि उरलेल्या पैशांत वायरिंगची किरकोळ दुरुस्ती करायची. पहिली चिठ्ठी काढलीच नाही, ती काकूंना दिली.

तिसऱ्या चिठ्ठीच्या घरी गंमत झाली. खटका बसवला आणि तो रोज सकाळी पडायला लागला. घरचे वैतागले. 'काढून टाका ते, पहिलं काय वाईट होतं?' वायरमननं एकेक लाइन बंद करून बघितली, तर गीझर लावला की खटका पडायचा. त्याची कॉइल आतून फुटली होती आणि वीज पाण्यात उतरत होती. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, 'अहो, नळाला हात लावला की मुंग्या यायच्या खऱ्या. मला वाटलं, थंडीनं असेल.' दोन हिवाळे त्या मुंग्यांवर अंघोळ केली त्यांनी. तेव्हा नळाला, फ्रीजच्या दाराला, मिक्सरच्या भांड्याला झिणझिण्या येत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. ती वस्तू त्याच घटकेला बंद. आणि नवा खटका सारखा पडत असेल तर चोर घरात आहे असं समजा, राखणदाराला हाकलू नका. खटक्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. पडला तर तो जागा आहे. आमच्याकडं सगळ्या जणी संकष्टीला दाबतात, म्हणजे विसरत नाही.

चौदा घरांत आणखी काय काय सापडलं म्हणता? दोन पिनांची वायर भोकात बसावी म्हणून खोचलेल्या आगकाड्या. फ्रीजची पिन बसेना म्हणून कापून टाकलेली तिसरी, जाड पिन. ती जाड आणि लांब मुद्दाम केलेली असते. ती आधी आत जाते आणि वस्तूच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत पोचवते. तिला अर्थिंग म्हणतात. जमिनीत पुरलेल्या सळईशी किंवा पत्र्याशी ती वायर जोडलेली असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माती अशी वाळते की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. तेव्हा त्या खड्ड्यात चैत्र-वैशाखात आठवड्यातून एखादी बादली पाणी ओता. एका घरी तर अर्थिंगची वायर नुसतीच भिंतीत खोचलेली निघाली, खाली काहीच नाही! फ्लॅटमधल्या मैत्रिणींनी मीटरच्या खोलीत जाऊन आपल्या इमारतीचं अर्थिंग कुठं आहे ते सेक्रेटरींना दाखवायला सांगावं. ते थोडे चिडतील, चिडू देत.

वायरमन येणारच आहे तर गॅसकडंही एक नजर टाकायची, असं आमचं ठरलं होतं. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२७ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी २०२७ च्या जूनअखेरपर्यंत व्हायची आहे. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत पाठवा, तो तुमचा हक्क आहे. नारिंगी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. गळती बघायची ती साबणाच्या फेसानं, काडी पेटवून नव्हे. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली ओट्याच्या पायाशी साठतो. वास आला की दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि दिव्याचं बटण दाबूच नका, बंद करायलाही नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

बिलाचं म्हणाल तर वायरमननं एका घरच्या बिलाच्या मागंच हिशोब मांडून दाखवला. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. पाऊणशे वॉटचा जुना पंखा तेवढंच युनिट साधारण तेरा तासांत खातो. हल्लीचा बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आसपास चालतो, त्याला एक युनिट तेहेतीस तास पुरतं. नऊ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांवर जळतो. मिक्सरला मात्र उगाच बोल लावतो आपण. पाचशे वॉटचा असला तरी चटणीला पाच मिनिटं, म्हणजे युनिटाचा चोविसावा भाग. तेव्हा बचत करायची ती पाणी तापवण्यात आणि दिवसभर फिरणाऱ्या पंख्यात. मुलगा खोलीतला दिवा विसरला म्हणून घर डोक्यावर घेण्यात फारसं काही वाचत नाही (शिस्त लागते, ते निराळं). महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या युनिटांचा चांगलाच चढा. ज्यांचं बिल एकशेदहा-एकशेवीसवर जातं, त्यांना थोड्या बचतीचाही फायदा मोठा. जुन्या वायरिंगमधून वीज सतत जमिनीत झिरपत असेल तर? ३० मिलीअँपिअर गळती म्हणजे सात वॉट, महिन्याला पाच युनिटं. पैशांत फार नाही. पण तेवढ्यात माणूस जाऊ शकतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

पुराबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर मिरजेची बाई म्हणून मला कुणी माफ करणार नाही. कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज तयार होते, आणि तीच कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळून आपल्या दारात येते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ आणि २०२१ चे पूरही विसरण्यासारखे नाहीत. कृष्णाघाटाकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. पाणी येणार असं कळलं की धान्य आणि कागदपत्रं वर नेताना मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. बॅटरी जमिनीवरून उचलून ठेवा. उचलायला माणसं लागतात, तेव्हा ते काम पाणी उंबऱ्याला लागायच्या आत. खरा धोका पाणी ओसरल्यावर असतो. घर धुऊन काढलं, भिंती कोरड्या दिसल्या, की 'बघू तरी' म्हणून बटण दाबायचा मोह होतो. बटणांच्या पेट्यांत गाळ आणि वायरींच्या नळ्यांत पाणी असतं. वायरमननं सगळं उघडून, वाळवून, तपासून दिल्याशिवाय मेन चढवायचा नाही. चार दिवस मेणबत्तीवर काढा. फ्रीज बुडाला असेल तर तो नुसता पुसून लावू नका.

आणि गणपती! अनंत चतुर्दशीला आमच्या रस्त्यांवर ज्या स्वागत कमानी उभ्या राहतात, त्या बघायला गावोगावची माणसं येतात. कमानी उंच असतात आणि विजेच्या तारा त्यांच्या शेजारूनच जातात. मंडळाची पोरं आपलीच. हक्कानं येतात आणि 'काकू, तुमच्या खिडकीतून एक वायर घेतो' म्हणतात. आपणही देतो, देवाचं काम म्हणून. मग त्या एका वायरीवर दिव्यांच्या माळा, ध्वनिवर्धक, सगळं चढतं. वायर पावसात रस्त्यावर पडलेली असते आणि तिच्यावरून लहान मुलं अनवाणी पळतात. महावितरण मंडळांना उत्सवापुरती रीतसर जोडणी सवलतीच्या दरात देतं. गेल्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतल्या एकाही खिडकीतून वायर गेली नाही. पहिल्या वर्षी थोडी बोलाचाली झाली, आरतीला यायचं की नाही इथपर्यंत! पण काकूंनी आपला तळहात पोरांपुढं धरला आणि अध्यक्षसाहेब स्वतः अर्ज भरायला गेले.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावर नेहमीसारखीच चर्चा झाली. प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांकडं उतू चाललेत. शेवटी लक्ष्मी मार्केटजवळच्या एका दुकानातून नायलॉनच्या दोरीचं अख्खं रीळ आणलं आणि प्रत्येकीच्या चौकाचं, गच्चीचं माप घेऊन तुकडे कापले. दुकानदारानं विचारलं, 'एवढी दोरी कशाला? मांडव घालताय का?' तिळगूळ, हळदीकुंकू आणि दोरीचं भेंडोळं. जिच्या घरी अजून लोखंडी तार होती, तिनं ती सोडून भंगारवाल्याला दिल्याशिवाय वाण मिळणार नाही, अशी अट काकूंनी घातली होती. रथसप्तमीपर्यंत सहा घरच्या तारा निघाल्या. सातवी अजून आहे. त्या बाई म्हणतात, नायलॉनच्या दोरीवर गोधडी तोलत नाही. त्यांच्यासाठी दुहेरी दोरी वळायचं काम चालू आहे.